जर्मन वाइनची जागा जेवणाच्या पंगतीत

जर्मन वाइन म्हटली की बहुतेकांना एकच चव आठवते: हलकी, फुलांच्या वासाची, गोडसर, उन्हाळ्यात बागेत बसून प्यावी किंवा जेवण आटोपल्यावर मिठाईसोबत घ्यावी अशी. ताटात मासा, डुकराचे मांस किंवा झणझणीत रस्सा आला की हात फ्रेंच नाहीतर इटालियन बाटलीकडे जातो. वाइनच्या दुकानातही जर्मन बाटल्या एका कोपऱ्यात उभ्या असतात, आणि गोड आवडणाऱ्या नवशिक्यांची सोय म्हणूनच त्यांची शिफारस होते. ही ख्याती शंभर वर्षांचीही नाही, असे माझे म्हणणे आहे. त्यापूर्वीची कित्येक शतके ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांकाठची वाइन ताटाशेजारची वस्तू होती, आणि तिचे नाव, तिची किंमत, तिचा मान हे सारे तिने जेवणासोबत राहूनच कमावले. चार मित्रांनी जेवायला बसून पाच-सहा जर्मन बाटल्या उघडाव्यात, घासागणिक चव ताडून पाहावी, कोणती कशाबरोबर जुळते यावर वाद घालावा, ही रीत त्या इतिहासाला सर्वांत जवळची आहे. तिचा गोडवा ही तिची मूळ प्रकृती आहे, हा समज मात्र पुराव्याला टिकत नाही.

मोझेलकाठी द्राक्षे आली ती रोमन लोकांबरोबर. आजचे ट्रियर हे त्या काळी मोठे रोमन शहर होते आणि चौथ्या शतकात तिथे सम्राटांचा मुक्काम असे. त्या नदीवर ऑसोनियस या कवीने इसवी सन ३७१ च्या सुमारास लिहिलेल्या लॅटिन काव्यात उतारावरच्या द्राक्षमळ्यांचे वर्णन आहे. पीसपोर्ट गावी त्याच शतकातले, द्राक्षे तुडवून रस गाळण्याचे मोठे बांधीव हौद सापडले आहेत. नॉयमागेन येथे मिळालेले, पिंपांनी भरलेल्या होडीचे दगडी शिल्प तर त्याहूनही जुने, साधारण २२० सालचे. शहर आणि लष्कर यांच्या रोजच्या शिध्याचा तो भाग होता, आणि शिधा म्हणजे पाव, मांस आणि वाइन असा एकत्रच हिशेब असे.

मध्ययुगात ही परंपरा मठांनी हाती घेतली, आणि इथे पुरावा अधिक ठोस होतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमावलीत प्रत्येक संन्याशाला दिवसाकाठी एक हेमिना, म्हणजे साधारण पाव लीटर वाइन पुरेशी मानली आहे. पाव किती, भाजीच्या वाट्या किती, या प्रकरणांना लागूनच हे प्रकरण येते. वाइन ही भोजनगृहाची बाब होती. याच नियमावर चालणाऱ्या सिस्टर्शियन पंथाच्या संन्याशांनी ११३६ मध्ये ऱ्हाइनगाऊ भागात एबरबाख मठ वसवला. त्यांनी जंगल तोडून, दगड वेचून, भिंत घालून श्टाइनबेर्गचा मळा उभा केला. तो आजही त्याच नावाने ओळखला जातो. गरजेपुरती वाइन ठेवून उरलेली ते स्वतःच्या होड्यांनी कोलोनला पाठवत, तिथे त्यांची स्वतःची वखार होती. कोलोनहून हा माल पुढे उत्तरेच्या शहरांत जाई. ब्रेमेनच्या नगरसभेच्या इमारतीखालचे तळघर १४०५ पासून वाइनसाठी वापरात आहे. शहराचे कारभारी तिथे बसून खात-पीत आणि पाहुण्यांना वाढत. पिंपातून काढलेली वाइन, समोर थाळी, भोवती ओळखीची माणसे, अशी ती बैठक असे.

त्या पिंपातली वाइन कशी होती, हा प्रश्न महत्त्वाचा. चवीचे वर्णन करणारी कागदपत्रे थोडी आणि अतिशयोक्तीची असतात, म्हणून मी त्यापेक्षा तंत्रावर भरवसा ठेवतो. द्राक्षरसातली साखर यीस्ट खाते आणि तिचे मद्य करते. साखर शिल्लक असेल तर यीस्ट थंडीत झोपते आणि वसंतात ऊब आली की पुन्हा जागे होते. मोझेलचे पिंप हजार लीटरचे, ऱ्हाइनगाऊचे बाराशे लीटरचे. अशा लाकडी पिंपात वाइन वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहून जास्त राही; वेळोवेळी गाळ मागे ठेवून वरची वाइन दुसऱ्या पिंपात ओतली जाई. एवढ्या काळात बहुतेक साखर आंबून जाणारच. साखर अर्धवट ठेवून ती वाइन होडीने महिनोन्महिने प्रवासाला पाठवणे म्हणजे वाटेत पिंप फसफसून फुटण्याला आमंत्रण. गंधकाची धुरी देऊन यीस्ट दाबता येत असे हे खरे, पण ज्या सार्वत्रिक गोडव्याची आज कल्पना केली जाते तो त्या साधनाने टिकवणे शक्य नव्हते. म्हणून व्यापारात फिरणारी वाइन बहुतांशी ड्राय, म्हणजे साखर न उरलेली होती, असाच निष्कर्ष निघतो. शिवाय ती आंबटही असणार. ऱ्हाइनगाऊतल्या जोहानिसबेर्गच्या मळ्यातून पन्नासावे अक्षवृत्त जाते. इतक्या उत्तरेला द्राक्षे सावकाश पिकतात आणि त्यांच्यातले आम्ल टिकून राहते. हा आंबटपणा नुसता पिताना बोचतो, पण तुपकट मांस किंवा नदीतला मासा समोर असला की तोच तोंड साफ करतो. आपण मटणाच्या ताटात लिंबाची फोड ठेवतो, तेच काम.

याच थंड उतारांना साजेसे द्राक्ष म्हणजे रीसलिंग. तिचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १४३५ मधला, र्‍युसल्सहाइमच्या एका जहागिरीच्या हिशेबवहीतला, आणि तोही साधा: वेलींच्या खरेदीची नोंद. रीसलिंगला प्रतिष्ठा मिळायला आणखी तीन शतके लागली. फुल्डाच्या धर्माधिपतीने १७१६ मध्ये जोहानिसबेर्गचा पडीक मठ विकत घेतला आणि १७२० मध्ये तिथे जवळजवळ सगळीकडे रीसलिंगच्या वेली लावल्या. ही संख्या २,९४,००० सांगितली जाते. एकाच जातीचा एवढा मोठा मळा हे त्या काळी धाडसच होते, कारण शेतकरी जोखीम वाटून घेण्यासाठी मिसळ जाती लावत. १७८७ मध्ये ट्रियरचा धर्माधिपती क्लेमेन्स वेन्झेस्लाउस याने हलक्या जातीच्या वेली उपटून चांगल्या लावण्याचा हुकूम काढला. मोझेल आज रीसलिंगची म्हणून ओळखली जाते, त्यामागे या हुकमाचा वाटा आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. त्याच जोहानिसबेर्गला १७७५ मध्ये काढणीची परवानगी आणणारा घोडेस्वार उशिरा पोहोचला, तोवर द्राक्षांना बुरशी धरली, आणि त्या सुकल्या द्राक्षांतून अपूर्व वाइन निघाली, ही कथा जर्मन वाइनच्या प्रत्येक पुस्तकात असते. उशिराच्या काढणीची परंपरा अडीचशे वर्षांची असेल तर गोडवा विसाव्या शतकाचा कसा? माझे उत्तर असे, की उशिरा काढणे आणि गोड वाइन विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अधिक पिकलेल्या द्राक्षांतली साखर आंबली की वाइनला अधिक अंग येते. तिने गोडच राहिले पाहिजे असे नाही. बुरशीने सुकलेल्या निवडक मण्यांची खरोखर गोड वाइन होई, यात शंका नाही. रसात साखरच इतकी असे की यीस्ट थकून जाई. पण तसे वर्ष दशकातून एखाददुसरे येई, तेव्हाही पिंप मोजकेच निघत, आणि ते राजवाड्यांच्या व श्रीमंतांच्या तळघरात जात. मोझेलवर सुकल्या मण्यांपासून केलेली अशी अस्सल वाइन तर १९२१ च्या हंगामात प्रथम गाजली. सणाच्या पक्वान्नावरून एखाद्या प्रांताचा रोजचा आहार ठरवता येत नाही, आणि अपवादात्मक पिंपावरून त्या प्रांताची वाइनही ठरवता येत नाही.

एकोणिसावे शतक हा या वाइनचा वैभवकाळ. नेपोलियनच्या लढायांत मठांची मालमत्ता गेली. जोहानिसबेर्ग १८१६ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने आपल्या परराष्ट्रमंत्र्याला, मेटर्निखला दिले, दरवर्षी उत्पन्नाचा दहावा भाग राजघराण्याला देण्याच्या अटीवर. एबरबाखच्या तळघरांत पिंपांचे लिलाव होऊ लागले आणि त्या बोलींतून भाव ठरू लागले. १८४५ मध्ये राणी व्हिक्टोरिया होखहाइमच्या मळ्यात गेली, आणि तिथल्या एका मळ्याला पुढे तिचे नाव मिळाले. लंडनच्या व्यापाऱ्यांच्या त्या शतकाअखेरच्या दरपत्रकांत ऱ्हाइनच्या उत्तम वाइन बोर्दोच्या पहिल्या प्रतीच्या वाइनच्या बरोबरीने, कधी त्यांच्याही वरच्या भावाने दिसतात. हा मान मिठाईच्या पेयाला मिळालेला नव्हता. व्हिक्टोरियन काळातल्या भोजनात ऱ्हाइनची वाइन सुरुवातीला, कालवांबरोबर किंवा माशाबरोबर येई; गोडाच्या वेळी शेरी, मदिरा, पोर्ट यांची पाळी असे. सरकारलाही कोणत्या उतारावरची वाइन किती मोलाची हे नेमके ठाऊक होते: प्रशियाने सारा आकारण्यासाठी केलेल्या नोंदींवरून १८६८ मध्ये सार आणि मोझेलच्या मळ्यांचा प्रतवारीनुसार रंगवलेला नकाशाच छापला गेला. त्यातली प्रतवारी मळ्याच्या उत्पन्नावर, म्हणजे प्रत्यक्ष बाजाराने दिलेल्या भावावर बेतलेली होती. वाइन किती गोड यावर ती उभी नव्हती, आणि हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याच शतकाची दुसरी बाजू दारिद्र्याची. जर्मन राज्यांच्या १८३४ च्या जकात-संघानंतर दक्षिणेकडची स्वस्त वाइन प्रशियात येऊ लागली आणि मोझेलचे छोटे शेतकरी बुडाले. ट्रियरमध्येच जन्मलेल्या कार्ल मार्क्सने १८४३ मध्ये कोलोनच्या वर्तमानपत्रात त्यांच्या हलाखीवर लेखमाला लिहिली. ट्रियरच्याच लुडविग गाल याने उपाय सुचवला: हंगाम वाईट असेल, रस आंबट आणि पातळ असेल, तर आंबवण्याआधी त्यात साखरेचे पाणी घालावे. काही अभ्यासक इथूनच गोडव्याची सुरुवात मोजतात. ते मला पटत नाही. आंबवण्याआधी घातलेली साखर आंबूनच जाते. तिने मद्य वाढते, आंबटपणा पातळ होतो, पण पेला गोड होत नाही. या युक्तीने शेतकरी तगले, आणि तिच्याविरुद्ध चांगल्या बागाईतदारांची चळवळही उभी राहिली. साखर न घालता केलेल्या नैसर्गिक वाइनचेच लिलाव करणाऱ्यांचा देशव्यापी संघ १९१० मध्ये स्थापन झाला. आजची व्हीडीपी ही उत्तम उत्पादकांची संघटना त्याचीच वारस. भांडण शुद्धतेचे होते. गोडव्याचा प्रश्न अजून जन्मालाही आला नव्हता.

तो जन्माला आला गाळणीतून. बाड क्रॉइत्सनाख येथील झाइट्झ कारखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी अशा गाळण्या तयार केल्या, की त्यांतून यीस्टचा कणही पलीकडे जाऊ नये. आता आंबणे हवे तिथे थांबवून, यीस्ट गाळून, गोडवा बाटलीत बंद करता येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याहून सोपी रीत रूढ झाली: पूर्ण आंबलेल्या ड्राय वाइनमध्ये, वेगळा राखून ठेवलेला न आंबलेला द्राक्षरस बाटलीत भरण्याआधी मिसळायचा. शेकडो वर्षांत प्रथमच गोडवा हंगामावर, मळ्यावर, नशिबावर अवलंबून राहिला नाही. कोणत्याही पातळ वाइनला तो वरून लावता येऊ लागला. गाळणी एकटी मात्र इतके करू शकली नसती. चांगली वाइन ओळखून विकणारी साखळीच दरम्यान तुटली होती. ऱ्हाइन आणि मोझेलच्या व्यापारात ज्यू घराण्यांचा वाटा फार मोठा होता. लिलावात बोली लावणारे, तळघरात वाइन वाढवणारे, लंडन-न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकांची आवड जाणणारे हे लोक १९३३ नंतर हाकलले गेले, लुटले गेले, मारले गेले. पडून राहिलेला माल खपवण्यासाठी नाझी राजवटीने १९३५ मध्ये फाल्ट्स भागात ‘जर्मन वाइन मार्ग’ आखला आणि त्यावर सहली काढल्या. एका जाणत्या बाजाराची जागा प्रचाराने घेतली, ही जर्मन वाइनची सर्वांत मोठी हानी होती, आणि तिचा उल्लेख टाळून पुढचा ऱ्हास समजावून देता येणार नाही.

मग आला १९७१ चा कायदा. त्याने वाइनची प्रत रसातल्या साखरेवर, म्हणजे एक्सले या मापावर बसवली: अमुक अंश साखर असली की अमुक दर्जा, मग मळा कोणताही असो. सुमारे तीस हजार मळ्यांची नावे आटवून जेमतेम सव्वीसशे केली. त्यांशिवाय मोठमोठ्या टापूंना मळ्यासारखीच ऐकू येणारी नावे दिली. पीसपोर्टच्या गोल्डट्रॉप्फशन या उभ्या उतारावरची रीसलिंग आणि आसपासच्या सपाट शेतांतली मिशेल्सबेर्ग नावाची स्वस्त वाइन यांतला फरक लेबल वाचून कळेनासा झाला. साखर हाच दर्जा म्हटल्यावर लवकर पिकून भरपूर साखर देणाऱ्या संकरित जाती लावणे शहाणपणाचे ठरले; म्युलर-थुर्गाऊ या जातीने लागवडीत रीसलिंगला काही काळ मागे टाकले. वॉर्म्सच्या एका चर्चभोवतीच्या छोट्या मळ्यावरून नाव पडलेली लीबफ्राउमिल्श आता टँकरच्या हिशेबाने निर्यात होऊ लागली. माइन्झच्या झिशेल घराण्याने १९२० च्या दशकात बाजारात आणलेली ‘ब्लू नन’ ही बाटली ब्रिटन-अमेरिकेत घरोघरी पोहोचली. आज आपल्या मनात असलेली जर्मन वाइनची चव ती हीच.

यावर दोन आक्षेप उरतात. पहिला असा, की मोझेलची हलकी, थोडी गोड, कमी मद्याची रीसलिंग ही खरीखुरी प्रादेशिक शैली आहे, तिला कारखान्याची निर्मिती म्हणणे अन्याय आहे. यात तथ्य आहे. मोझेलच्या पाटीच्या दगडात कोरलेल्या थंड तळघरांत काही पिंपांचे आंबणे आपोआप थबकते, आणि अशा वाइनमध्ये आम्ल इतके असते की गोडवा जाणवतो तो तोल म्हणून. ही शैली मला थोर वाटते. पण जुन्या काळी अशी वाइन पिंपात आणि बाटलीत वर्षानुवर्षे राहून मगच पेल्यात येई, तेव्हा तिचा गोडवा बसलेला असे; आणि ती जेवणात येई. एकांतात चमच्याने चाखण्याचे सरबत म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. दुसरा आक्षेप असा, की आजची ड्राय वाइन ही तरी कुठे परंपरा? तीही बाजाराने आणि वाढत्या उन्हाने घडवलेली टूम आहे. पूर्वी दहा वर्षांत दोन-तीनदा पूर्ण पिकणारी द्राक्षे आता जवळजवळ दरवर्षी पिकतात हे खरे, आणि आजची ड्राय रीसलिंग आजोबांच्या रीसलिंगपेक्षा अंगाने भरलेली असते हेही खरे. पण ज्यांनी ही वळणे घेतली त्यांची साक्ष वेगळी आहे. १९८४ मध्ये ऱ्हाइनगाऊच्या काही उत्पादकांनी कार्टा नावाचा संघ केला, त्यात र्‍युडेसहाइमचे बेर्नहार्ड ब्रॉयर आणि श्लोस फोलराड्सचे मालक काउंट माटुष्का-ग्राइफेनक्लाऊ पुढे होते. आपल्या पणजोबांची वाइन जेवणासोबत जात असे, ती जागा परत मिळवायची, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यासाठी त्यांनी केले काय, तर वाइन चाखण्याच्या मेजवान्या ठेवल्या: एकेका पदार्थासोबत एकेक वाइन. व्हीडीपीने २००२ च्या हंगामापासून उत्तम मळ्यांच्या ड्राय वाइनला ‘ग्रोसेस गेवेक्स’ ही वेगळी प्रत दिली, तीही मळ्यावर आधारलेली, १८६८ च्या नकाशाच्या विचाराला जवळची.

म्हणून मित्रांच्या जेवणात जर्मन वाइन चाखायच्या असतील तर मांडणीचाही विचार करावा. तज्ज्ञांच्या बैठकीत साखरेच्या चढत्या क्रमाने बाटल्या लावतात: आधी ड्राय, मग काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे. ही शिडी १९७१ च्या कायद्याची आहे, आणि तिने जेवण गोडाकडे ढकलले जाते. ताटाच्या क्रमाने चालणे अधिक बरे. फ्रांकेन प्रांतात वसंतातल्या पांढऱ्या शतावरीबरोबर सिल्व्हानेर घेतात. फाल्ट्सच्या मसालेदार भरलेल्या मांसाबरोबर तिथलीच भरदार ड्राय रीसलिंग जमते. भाजलेल्या बदकाला श्पेटबुर्गुंडर ही तांबडी वाइन साजते. तिखट पदार्थासमोर मात्र मोझेलची किंचित गोड काबिनेट मधोमध आणावी, कारण तिचा गोडवा मिरचीची धार कमी करतो आणि कमी मद्यामुळे आग भडकत नाही. नाशिकमध्येही आता रीसलिंग होते, तेव्हा मराठी ताटासमोर ही परीक्षा घरच्या बाटलीनेही घेता येईल. जुनी, पंधरा-वीस वर्षांची आउसलेझे मिळाली तर ती मिठाईसाठी न राखता खारट चीज किंवा बदकाच्या यकृताबरोबर द्यावी; तिचा गोडवा तोवर खोल गेलेला असतो आणि ती खऱ्या अर्थाने जेवणाची वाइन झालेली असते.

बाटली निवडताना लेबलावर मळ्याचे नाव पाहा आणि ते एका उताराचे आहे की अख्ख्या टापूचे, हे विकणाऱ्याला विचारा. पन्नास वर्षे हा फरक लपून राहिला होता. २०२१ च्या नव्या जर्मन नियमांनी तो उघड करायला घेतला आहे: संक्रमणाची मुदत संपून २०२६ च्या हंगामापासून मोठ्या टापूच्या नावाआधी ‘रेगिओन’ हा शब्द छापावाच लागेल.